दुपारचा कान

सदर इसमाचे नाव जेरामभाई वशरामभाई सिद्धपुरा. राहणार राजकोट. वय अठ्ठावन्न. बांधा सडपातळ, मिशी आखूड, डोक्यावर केस असल्याचा दावा नाही. व्यवसाय : विजेच्या ठिणगीने पोलाद कोरणे. दृष्टी : चष्म्यासह समाधानकारक. श्रवणशक्ती : उत्तम, यंत्राच्या आवाजातील सूक्ष्म बदल झोपेतही ओळखतात. ओळखीची खूण : उजव्या मनगटास लाल दोरा. वर्तणूक : धार्मिक.

डाय बनवणाऱ्या कारखानदारांच्या मंडळानं जेरामभाईंना ‘आदर्श कारागीर’ ठरवून जो दाखला दिला, त्यात हे सगळं छापलेलं आहे. दाखला फ्रेममध्ये आहे आणि फ्रेम रमणिकशेठ वेकरियांच्या खुर्चीमागे आहे, कारण कारागीर घडवतो तो शेठ, असं शेठचं मत आहे.

रमणिकशेठच्या कारखान्यात खोट्या दागिन्यांच्या डाय, म्हणजे पोलादी साचे, बनतात. पेंडंट, कर्णफुलं, देवांचे बिल्ले. जे पोलाद छिन्नीला दाद देत नाही ते जेरामभाईंचं मशीन विजेनं कुरतडतं. वर तांब्याचा ठसा, खाली पोलादाचा ठोकळा, दोघंही तेलात बुडालेले आणि मधे केसाएवढी फट. ते एकमेकांना टेकत नाहीत. फटीतून नुसत्या ठिणग्या उडतात आणि एकेक ठिणगी पोलादाचा एकेक कण उचलून नेते. संसारही असाच चालतो असं जेरामभाईंना वाटायचं, पण हे त्यांनी रळियातबेनना कधी बोलून दाखवलं नव्हतं.

ठिणग्या नीट उडत असल्या की आवाज येतो तो कढईत गाठिया सोडल्यासारखा. फटीत काजळी साचली की तो आवाज बसतो. मग ठिणग्या सैरावैरा उडायच्या सोडून वीज एकाच जागी ज्वाळ धरून बसते आणि पोलादात खड्डा पाडते. झाली डाय भंगार.

आता राजकोट दुपारी एक ते चार झोपतं. ही गोष्ट शहरानं फार पूर्वी ठरवलेली आहे आणि तीवर पुन्हा चर्चा झालेली नाही. मशीनला मात्र झोप परवडत नाही, एक डाय कोरायला दिवस दिवस लागतो. म्हणून ठिणगीवाल्यांची आपली एक रीत आहे. मशीनशेजारच्या बाकावर आडवं व्हायचं, डोळा लागू द्यायचा आणि कान तेवढा जागा ठेवायचा. आवाज बसला की पाळण्यातलं पोर कुरकुरल्यावर आईला येते तशी जाग येते. ज्याला येत नाही त्याला दुपारचं मशीन मिळत नाही. तो पुढच्या खोलीत कानस घेऊन पेंडंटच्या कडा घासतो आणि लोक त्याला ‘भाई’ म्हणायचं हळूहळू विसरतात. जेरामभाईंकडे दुपारचं मशीन कित्येक वर्षं होतं. बाकाला त्यांच्या पाठीचा आकार आला होता.

उजवा कान जातोय हे त्यांना बरेच दिवस कळलं नाही, कारण तक्रार घरून आली.

“किती वेळा सांगायचं, छाशेला दही लावायला दूध आणा म्हणून?” रळियातबेन म्हणाल्या.

“सांगितलंस कधी?”

“तीनदा. एकदा तर तुम्ही ‘हो’ पण म्हणालात.”

न ऐकता हो म्हणायची सवय त्यांना लग्नापासूनची होती, तेव्हा यात कानाचा दोष असेल असं दोघांपैकी कोणालाच वाटलं नाही. पुढे फोन त्या कानाला लावला की समोरचा गप्पच बसतो, असं तीन-चार वेगवेगळ्या माणसांच्या बाबतीत झालं तेव्हा जेरामभाई काय ते समजले. त्या दिवसापासून दुपारी ते उजव्या कुशीवर झोपू लागले. गेलेला कान खाली, राहिलेला वर.

मग एका दुपारी खोडियार मातेच्या बिल्ल्याची डाय मशीनवर होती. जत्रेचं काम. जेरामभाईंचा उजवा खांदा धरला होता म्हणून झोपेत त्यांनी कूस बदलली. चांगला कान उशीत गेला आणि मशीन काय म्हणतंय ते उशीनं ऐकलं. चारला जाग आली तेव्हा मातेच्या गालावर काळा खड्डा पडला होता. खालची मगर, मातेचं वाहन, शाबूत होती.

डायला पॉलिश करणारा भूपत जेवून परत आला तो वाकून बघत राहिला.

“जेराकाका, माताजींना देवी आल्या.”

“हळू बोल.”

“हळू बोललो तर तुम्हाला ऐकू कसं येणार?”

जेरामभाईंनी त्याच्याकडे पाहिलं. भूपत भिंगातून खड्डा बघत होता.

“कधीपासून माहितीय तुला?”

“चहा घेणार का विचारलं की तुम्ही घड्याळ बघून वेळ सांगता, तेव्हापासून.” त्यानं पॉलिशचा दगड उचलला. “हा गाल खड्ड्याइतका खोल घेतो. मग दुसराही घ्यायला लागेल. डायमधे खोल ते बिल्ल्यावर फुगीर, माताजी जरा भरतील, दुसरं काय.”

माताजी चांगल्याच भरल्या. गिऱ्हाइकानं पहिला बिल्ला हातात घेऊन “मेळा मानवलेला दिसतोय,” म्हटलं आणि माल उचलला. रमणिकशेठ त्याच्याबरोबर हसले. तो गेल्यावर हसायचे थांबले.

“जेरामभाई, पुन्हा माताजींची तब्येत सुधारली, तर दुपारचं मशीन दुसऱ्याला देईन. तुम्हाला पुढच्या खोलीत वारा चांगला लागेल.”

हे वाक्य शेठ समोरून बोलले, त्यामुळे जेरामभाईंना पूर्ण कळलं.

दुसऱ्या दिवसापासून ते तेलाच्या टाकीवर तळहात ठेवून झोपू लागले. मशीन बिघडलं की टाकीला हिसके बसतात. पण डोळा लागला की हात घसरून पोटावर यायचा. मग त्यांनी पाय टेकवून पाहिला. पाय घसरत नाही, पण शेठना दिसतो.

“लक्ष्मीला पाय लावता? आणि वर विश्वकर्म्याची लेकरं म्हणवता?”

जेरामभाईंनी पाय काढला. डावा कानही अलीकडे पाण्यात गेल्यासारखा झाला होता.

दसऱ्याला मशीनची पूजा झाली. तेलाच्या टाकीपाशी विस्तव आणायचा नाही, म्हणून इथं उदबत्ती न पेटवताच ओवाळतात. देव समजून घेतो. जेरामभाईंनी मशीनच्या खालीवर होणाऱ्या डोक्याला पूजेचा लाल दोरा बांधला आणि मुहूर्तापुरतं मशीन चालू केलं. दोऱ्याचं रीळ हातातच राहिलं होतं. आधी दोरा बारीक थरथरला. मग फटीत काजळी आली, मशीनचं डोकं दचकून वर गेलं आणि बोटाला हिसका बसला. जेरामभाईंनी दोरा तिथंच तोडला नाही. हातभर दोरा मोकळा सोडला आणि दुसरं टोक मनगटाला बांधलं.

“काका, मशीन पळून जाणारय का?” भूपतनं विचारलं. या खेपेला समोर येऊन.

“श्रद्धा आहे रे.”

“कोणाची कोणावर?”

जेरामभाईंना हे ऐकू आलं नाही, किंवा आलं.

चार-आठ दिवसांनी शेठ भर दुपारी चपला बाहेर काढून आत आले. जेरामभाई बाकावर, तोंड मशीनकडे, मनगट दोऱ्यात.

“जेरामभाई.”

शेठ बाकाजवळ आले.

“ओ जेरामभाई! घरी चोर शिरलेत तुमच्या!”

जेरामभाई घोरत होते. शेठनी मान हलवली. पुढच्या खोलीतली कानस त्यांनी मनातल्या मनात उचललीही असावी. तेवढ्यात कढईचा आवाज बसला. तो शेठनाही कळला, त्यांनी उमेदीची वर्षं याच बाकावर काढली होती. मशीन बंद करायला हात पुढे गेला, पण आता बघूच काय होतं ते, म्हणून त्यांनी हाताची घडी घातली.

मशीनचं डोकं वर उडालं. जेरामभाई उठून बसले. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी त्यांनी ठसा उचलला, फटीत तेलाची धार मारली, काजळी घालवली, ठसा खाली सोडला. गाठिया पुन्हा तळायला लागले. मग त्यांना शेठ दिसले.

“मी हाका मारत होतो,” शेठ म्हणाले. “चोर शिरले म्हणून ओरडलो.”

जेरामभाईंनी शेठचे ओठ नीट पाहिले.

“झोपेत माणसांचं मी आत घेत नाही, शेठ. फक्त मशीनचं घेतो.”

शेठचे डोळे पाणावले. त्यांनी त्याच आठवड्यात उरलेल्या तिन्ही मशीनांना दोरे बांधायला लावले. तिथले कारागीर चांगल्या कानाचे होते, त्यांची हिसक्यांनी झोपमोड होऊ लागली आणि श्रद्धा ही सगळ्यांना झेपत नाही असं शेठ गिऱ्हाइकांना सांगू लागले. जेरामभाईंचं नाव त्यांनी स्वतः मंडळाकडे धाडलं. दाखल्याचा मजकूरही त्यांनीच सांगितला.

दिवाळीनंतरच्या समारंभात जेरामभाईंचं नाव तीनदा पुकारलं गेलं. ते पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. शेवटी शेजारी बसलेल्या भूपतनं त्यांच्या मनगटातला दोरा ओढला, तेव्हा उठले.

उजवा कान दोन वर्षांपूर्वीच गेला होता. डावा त्या दिवाळीत गेला.