पारव्वानं मिरवत नेलेला डबा

पारव्वा कुठल्याही घराच्या पायऱ्या चढण्याआधी मान वर करून त्या घराची दोरी बघायची. बाळंतिणीच्या घरी गॅलरीत दुपटी आणि लंगोट वाळत घातलेले असतात, ते ती भर रस्त्यात उभी राहून मोजायची. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला तरी मोजणी पुरी झाल्याशिवाय बाजूला व्हायची नाही. मग वर जाऊन चपला काढता काढताच निकाल सांगायची. "कालधरनं धा भिजल्यात. पोटभर पितंय पोरगं." नाहीतर, "तीनच? गप निजतंय म्हणून खुशीत ऱ्हाऊ नगासा. उपाशी पोरगंबी गपच असतंय." पहिला महिनाभर डायपर वापरायला तिची सक्त मनाई होती, ती याच मोजणीसाठी.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालण्याचं काम तिनं चाळीसेक वर्षं केलं. गाव कागलच्या पलीकडं, अगदी हद्दीवर, त्यामुळं राग चढला की ती मराठीतून कानडीत शिरायची आणि ऐकणाऱ्याला नेमकं काय म्हणाली ते कळायचं नाही, पण लागायचं बरोबर. अंगानं हाडकुळी, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. न्हाणीत पाटावर पाय पसरून बसायची आणि नडगीवर बाळ पालथं घालायची. आमच्या वॉर्डात निवडणुकीला उभे राहिलेले दोन्ही उमेदवार, निवडून आलेला आणि पडलेला, त्या नडगीवर भोकाड पसरून झालेले होते. मीही त्यातलाच. म्हणून मी औषधांचं दुकान चालवणारा, शिकला-सवरलेला माणूस झालो तरी ती मला "अण्णा" म्हणून हाक मारायची आणि पुढं सरळ अरे-तुरे करायची.

दुकान खाली, घर वर. दुकानात तिसऱ्या फळीवर लहान बाळांच्या दुधाचे डबे असत आणि त्या फळीवर पारव्वाचा डोळा होता. डबा मागायला येणारा माणूस आधी दुकानात दुसरं कोणी नाही ना ते बघतो, हे तिच्या लक्षात आलं होतं. मी डबा वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून देत असे. एकदा तिनं माझ्यादेखत तो कागद टराटरा फाडला. "दारूची बाटली हाय व्हय रं ही? द्याचा न्हाई तर दिऊ नगंस. दिलास तर उघडा दे. पोराचं खाणं हाय, चोरीचा माल न्हवं."

एक तरुण बाप आला होता. बाळ चार दिवसांचं. म्हणाला, बायकोला दूध पुरत नाही असं आत्याचं मत आहे. पारव्वा बाकड्यावर बसली होती. "पाजतंय कोण? तुझी आत्या का बायको?" तो गडबडला. तिनं त्याच्या हातातला डबा काढून परत फळीवर ठेवला आणि त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेली. बाळाला छातीशी कसं धरायचं, तोंड किती मोठं उघडू द्यायचं, हे तिनं त्या पोरीला तीन दिवस जाऊन दाखवलं. चौथ्या दिवशी तो माणूस आला तो सर्दीची गोळी घ्यायला. डब्याचं नाव काढलं नाही.

माझं गिऱ्हाईक घालवलंस, असं मी तिला चिडवायचो. तिचं उत्तर ठरलेलं. "डबा म्हंजी कुबडी. धडधाकट पायाला कुबडी देणारा येडा. आन पाय मोडल्यावर कुबडी लपवून ठेवणारा हलकट." याच्या पहिल्या अर्ध्यावर गल्लीतल्या सगळ्या सासवा माना डोलवायच्या. दुसरं अर्धं कोणी ऐकून घ्यायचं नाही. एका घरात डबा जास्त दिवस पुरावा म्हणून सांगितल्याच्या निम्मीच पावडर घालायचे. पारव्वानं ती बाटली सासूबाईंच्या हातात दिली. "प्या की. पाणी हाय का दूध, सांगा मला." बाईंना एक घोट प्यावा लागला.

आता माझ्या घराचं सांगतो, आणि सांगताना आजही कानशिलं तापतात.

माझी बायको रूपाली बाळंत झाली तेव्हा रक्तस्राव फार झाला. घरी आली ती पांढरीफटक होऊन. मुलगी गोड, पण दूध म्हणावं तसं येईना. आमच्या आईनं हाळिवाची खीर केली, शतावरी दिली, डिंकाचे लाडू केले. तिच्या कष्टांत खोट काढता येणार नाही. पण तिचा अभिमान आड आला. "माझी तिन्ही पोरं अंगावर वाढली. आमच्या घरात डबा आलेला नाही," हे ती येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. येणारी प्रत्येक बाई खोलीत डोकावून विचारायची, "आलं का गं दूध?" नळाला पाणी आलं का, असं विचारावं तसं. बाहेर आली की हलक्या आवाजात म्हणायची, आजकालच्या पोरींना सोसायला नको. त्या पोरीनं किती सोसलं होतं ते बघायची त्यांना गरज वाटत नव्हती. मला अजून त्या बायकांचा राग येतो. साडीचोळी घेऊन येत होत्या आणि जाताना आईपणाचा निकाल लावून जात होत्या.

नवव्या दिवशी रूपाली मला म्हणाली, "दुकानातून एक डबा आणता का? ती दमून झोपते हो, पिऊन नाही झोपत." मी औषधनिर्माणशास्त्राची पदवी भिंतीवर लावलेला माणूस. मी म्हणालो, "दोन दिवस बघू. आईला वाईट वाटेल." माझ्या पायाखाली, एका जिन्याच्या अंतरावर, डबे ओळीनं उभे होते.

पारव्वा रोज येत होती, रोज दोरी बघत होती. दोरी भरलेली असायची. तरीही तिचं समाधान होईना. न्हाऊ घालताना ती मुलीच्या मांडीची कातडी चिमटीत धरून पुन्हा पुन्हा बघायची. अकराव्या दिवशी ती न्हाणीत न जाता आधी गॅलरीत गेली. एकेक दुपटं हातात घेऊन चोळलं, नाकाला लावलं. मग आईसमोर येऊन उभी राहिली.

"वैनी, हे कोरं कापड हाय. ह्यात पोरगी एकदाबी मुतलेली न्हाई."

पारव्वा मोजते हे गल्लीला ठाऊक होतं आणि आईलाही. आईनंच कोरी दुपटी पाण्यात बुडवून, पिळून दोरीवर घातली होती. कपट म्हणून नव्हे, हे मी शपथेवर सांगेन. चार दिवसांत दूध वाढेल, तोवर गल्लीत बोभाटा नको, एवढाच तिचा हिशोब. पण त्या चार दिवसांत नात उपाशी होती.

पारव्वा जिना उतरून दुकानात आली. हात तेलानं माखलेले. दुकानात तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती. "अण्णा, डबा काढ. एवढ्या लहान पोराला चालंल तो." मी सवयीनं वर्तमानपत्राकडं हात नेला. तिनं माझ्या हातावर चापट मारली. डबा कमरेवर घेतला, दुकानाच्या पुढच्या बाजूनं, सगळ्यांना दिसेल असा मिरवत आमच्या दारात नेला आणि जिन्यावरून ओरडली, "वर ये. वाचून सांग पाणी किती, पावडर किती. शिकलायस न्हवं?"

पाणी उकळून निववलं. मी डब्यावरचं वाचलं. तिनं वाटी-चमच्यानं पाजलं. माझी मुलगी ज्या घाईनं ते दूध प्यायली ती घाई मी विसरू शकत नाही. रूपाली भिंतीकडं तोंड करून रडायला लागली, तशी पारव्वा तिला म्हणाली, "तुझं काय चुकलं न्हाई, बाळा. अंगातलं रगात गेल्यावर दूध कुठनं यील? छातीला लावायचं सोडू नगंस. जे यील ते तिचंच हाय. उरलेलं डबा बघंल." त्याच दुपारी डॉक्टरांकडं गेलो. मुलीचं जन्मावेळचं वजनसुद्धा राहिलं नव्हतं. पारव्वानं सांगितलं होतं तेच डॉक्टरांनी सांगितलं, फक्त मला अधिक झापून.

महिनाभरात मुलगी गुटगुटीत झाली. अंगावरही पीत होती आणि वाटीनंही. पण पारव्वा ते बघायला नव्हती. डबा आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी आईनं तिच्या हातात साडी आणि नारळ ठेवला. "उद्यापासून येऊ नकोस." मला न्हाऊ घातलेल्या बाईला, सव्वा महिना पुरा व्हायच्या आत. पारव्वानं माझ्याकडं बघितलं. मी मोबाईलमध्ये काहीतरी बघत होतो. काय बघत होतो ते देवाला माहीत.

मग गल्लीत बातमी फिरली की पारव्वाला औषधाच्या दुकानातून डब्यामागं कमिशन मिळतं. आता ते दुकान माझंच. म्हणजे बातमी खोटी आहे हे छातीठोकपणे सांगू शकणारा अख्ख्या कोल्हापुरात एकच माणूस होता. पण मी खोटं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुमच्याकडं डबा का लागला? आणि मग दोरीची गोष्ट निघाली असती. ही कमिशनची बातमी कोणाच्या तोंडून पहिल्यांदा निघाली ते मी कधी विचारलं नाही, कारण मला ठाऊक होतं. आईचा मान राखला, असं मी स्वतःला सांगत राहिलो. मान कसला, शुद्ध भेकडपणा होता.

समोरच्या काकूंची सून बाळंत झाली तेव्हा पारव्वा नेहमीसारखी गेली. काकूंनी तिला पायरीवरूनच परत लावलं. ती क्षणभर उभी राहिली, सवयीनं वर दोरीकडं बघितलं आणि गेली. हळूहळू सगळी घरं सुटली आणि ती गावी निघून गेली.

तीन वर्षांनी मी तिच्या गावी गेलो. सोबत रूपाली आणि मुलगी होती. पारव्वा लेकीच्या घरी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मुलीला तिनं जवळ घेतलं, सवयीनं मांडी चाचपली आणि हसली. मी सगळं बोलून टाकलं. चुकलो म्हणालो, पाया पडलो. तिनं शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

"हितं कशाला सांगतोयस? हितं मला समदी वळखत्यात. तुझ्या गल्लीत जाऊन सांग की."

सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. या दिवाळीत, पुढच्या पाडव्याला, आईची तब्येत जरा सुधारू दे, असं करत आणखी चार वर्षं गेली. परवाच्या उन्हाळ्यात पारव्वाच्या लेकीचा फोन आला, ती गेली म्हणून.

आमच्याकडं कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा फलक लावायची रीत आहे. मी फलक करायला गेलो तर फोटो सापडेना. मुलीच्या न्हाण्याचे डझनभर फोटो मोबाईलमध्ये होते. सगळ्यांत पारव्वाचे हात आणि पसरलेले पाय होते, चेहरा एकातही आम्ही घेतलेला नव्हता. फलकवाला म्हणाला, फोटोशिवाय कसं दिसेल? मी म्हणालो, नुसती अक्षरं घाल. मजकूर असा होता: "पारव्वा. माझी मुलगी अकरा दिवसांची असताना माझ्याच घरात उपाशी होती. हिनं तिला जगवलं. हिला कसलंही कमिशन मिळत नव्हतं. ते खोटं माझ्या घरातून पसरलं आणि मी गप्प बसलो." खाली माझं नाव.

आईनं तो वाचला आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "खरं आहे ते. राहू दे."

समोरच्या काकू मात्र फलक लागला त्याच संध्याकाळी दुकानात आल्या होत्या. काही घ्यायला नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी मी तिला पायरीवरनं परत लावली, तवा तुम्ही हितंच उभं हुतासा. बघत हुतासा."

"होय," मी म्हणालो.

"माझ्या सुनंचं पोरगं महिनाभर रडलं. का रडतंय ते सांगणारं कोण नव्हतं," त्या म्हणाल्या आणि पायऱ्या उतरून गेल्या.