माइक सुटला आणि करंडा पुढे आला

मैत्रिणींनो, आज संध्याकाळी कळव्यात एका सोसायटीच्या हळदीकुंकवात मी माझ्या अंगावरच्या कोडाबद्दल बोलले. मुद्दाम बिनबाह्यांचा ब्लाउज घातलेला. पहिल्यांदाच आवाज कापला नाही. टाळ्या पडल्या, दोघीतिघी तर रडल्या.

मग हळदीकुंकू सुरू झालं. मंडळाच्या अध्यक्षा प्रत्येकीच्या कपाळाला स्वतःच्या बोटाने कुंकू लावत आल्या. माझ्यापाशी थांबल्या, गोड हसल्या आणि कुंकवाचा करंडाच पुढे केला. "ताई, तुम्हीच लावून घ्या ना."

मी लावून घेतलं. वर "थँक्यू" पण म्हटलं. अर्धा तास माइकवर न अडखळता बोललेल्या मला तिथे एवढंच सुचलं.

आत्ता त्यांचाच मेसेज आलाय. "किती छान बोललात! पुढच्या वर्षीही नक्की या."

काय उत्तर देऊ?