बनाआक्कानं सोडलेला बोळ

प्रिय निरंजन आणि मीरा,

बनाआक्का गेली हे तुम्हाला तारेनं कळवलं होतंच. नेकनूरहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरनं खिडकीतून ओरडून सांगितलं, "बाई, तुमची म्हातारी गेली हो!" आणि गाडी पुढे नेली. मी ओट्यावर सांडगे घालत होते. उरलेले तसेच घालून संपवले, हात धुतले आणि मग खाली बसले... त्याला आता महिना उलटला. इथल्या एका साप्ताहिकात तिच्यावर चार ओळी आल्या. 'शांत आणि प्रेमळ स्वभावाच्या' असं त्यात लिहिलं आहे. प्रेमळ ती होती. शांत मात्र एक दिवसही नव्हती. मीरा, लहानपणी तू विचारलं होतंस की ही आजी डाव्या हातानं का जेवते. आणि निरंजन, तू गेल्या दिवाळीत नेकनूरच्या आपल्या दुकानांमधला बोळ पावलांनी मोजून मला म्हणालास, "आजी, इथं अजून दोन दुकानं सहज बसतील." दोघांनाही मी तेव्हा काही सांगितलं नाही, कारण आक्कानं मला बजावलं होतं, "म्या मेल्यावर काय सांगायचं ते सांग. तवर गप ऱ्हा." आता सांगते.

ते निजामाचं राज्य होतं. तुमचे आजोबा नेकनूरच्या करोडगिरी नाक्यावर, म्हणजे जकातीच्या नाक्यावर, कारकून होते. ते तापानं गेले तेव्हा तुमचे वडील पाळण्यात होते आणि आत्या चालू लागली होती. नगरला मावशीकडे राहून मी इंग्रजी शिकले होते, पण नेकनुरात त्या इंग्रजीचं काय करणार? परळीहून माझे दीर आले आणि म्हणाले, "वहिनी, पावसाळ्याआधी बिऱ्हाड आवरा. परळीला चला. घरात स्वयंपाकाला माणूस हवंच आहे." त्यांच्या मनात वाईट नसेल. पण त्या घरात आधीच एक विधवा चुलत सासू होती, आणि ती चुलीपुढून उठलेली मी कधी पाहिली नव्हती. माझी मुलं त्या चुलीच्या उजेडात वाढणार होती. मला परळीला जायचं नव्हतं, एवढंच मला पक्कं ठाऊक होतं. पुढचं काहीच ठाऊक नव्हतं.

आम्ही बनाआक्काच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. ती जन्मानं मेंढपाळाची. नवरा मेल्यावर तिनं वाट्याची मेंढरं विकली आणि बाजारामागची एक खडकाळ बखळ, म्हणजे मोकळी पडीक जागा, घेतली. लोक हसले. तिनं तिथं नुसतं छप्पर टाकलं आणि बाजाराला येणाऱ्या कुंभारांना, कासारांना सामान ठेवायला भाड्यानं दिलं. त्यातून दुसरी बखळ, मग तिसरी. मी तिला ओळखू लागले ती एका सकाळच्या आरडाओरड्यानं. शेजारच्या एका माणसानं हद्दीचा दगड तिच्या बाजूला सरकवला होता. मी दार उघडलं तेव्हा तो माणूस चिखलात गुडघ्यावर होता आणि आक्का त्याचा हात त्याच दगडावर धरून मुसळानं ठेचत होती. हाड मोडल्याचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वाळलेली काटकी मोडावी तसा, पण ओला. तो किंचाळत होता आणि ती सावकाश विचारत होती, "दगूड कुठं व्हता? कुठं व्हता? दाव." त्यानं दुसऱ्या हातानं जागा दाखवली. तिनं दगड त्याच्याकडूनच, त्या एका हातानं, मागे सरकवून घेतला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काय बगतीस मडम? पोराला दूद पाज, रडायलंय."

मडम हे तिनं मला दिलेलं नाव. टोमणाच होता तो. भाडं द्यायला गेले की म्हणायची, "मडम, भाडं देत कशाला बसलीस? घेत जा की. विंग्रजीत भाडं घेयाचं शिकवलं न्हाई व्हय?" एकदा मी चिडून म्हटलं, "आक्का, घ्यायला जागा लागते, आणि जागा घ्यायला धाडस लागतं. माझ्याकडे दोन्ही नाही." ती हसली. "धाडस माज्याकडं लई हाय. तुज्याकडं काय हाय ते बोल." माझ्या हातात सोन्याच्या पाटल्या तेवढ्या उरल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं, तिनंही पाहिलं... आणि माझी शाळा तिथून सुरू झाली.

पुढे कित्येक दिवस ती मला आणि कडेवरच्या तुमच्या वडिलांना घेऊन भर उन्हात हिंडवत होती. जमिनीकडे पाहू नको म्हणायची, गाड्यांकडे बघ. चौसाळ्याच्या वाटेनं येणारे गाडीवान बैल कुठे सोडतात, बाया डोक्यावरची पाटी पहिल्यांदा कुठे उतरवतात, सावली नसूनही माणसं कुठे बसतात, हे ती मला बघायला लावी. विहिरीवरच्या बायकांकडून कुठल्या घरात भाऊ भाऊ भांडताहेत ते काढून घेई. भांडणातली जमीन कधी घेऊ नये, पण भांडण मिटल्याच्या दुसऱ्या दिवशी जरूर घ्यावी, हा तिचा धडा होता. शेवटी बाजाराच्या तोंडावरची एक लांबट बखळ आम्ही निम्मेनिम्मे घेतली. पाटल्या गेल्या. दिरांना मी निरोप धाडला की पावसाळ्यापर्यंत थांबा. दुकानं उभी राहून भाडं सुरू झालं तर मी नेकनुरात राहणार, नाहीतर परळीला.

दस्त व्हायचा तेव्हा होईल, आधी चूल, असं आक्का म्हणाली. तिकडची तशी रीतच होती. घेतलेल्या जागेवर तीन दगड मांडून चूल पेटवायची, भाकरी करायच्या आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांना तिथंच बसवून जेवू घालायचं. ज्यानं तुमच्या चुलीवरची भाकरी खाल्ली त्यानं तुमची हद्द मानली. पुढे कोर्टात काही होवो, खाल्लेली भाकरी कुणी नाकारत नसे. आम्ही चूल मांडली. एका बाजूचा तेली आला, दुसऱ्या बाजूचे तांबोळी आले, समोरचा वाणी आला. मी वाढत होते. विचारलं, "आक्का, चौथी बाजू कुणाची?" मागे गायरानाची मोकळी पट्टी होती आणि तिच्यापलीकडे ओढा. आक्का म्हणाली, "ती कुनाची बी न्हाई. माळ हाय तो." चौथी भाकरी तिनं एका दगडावर ठेवली. ती कुत्र्यानं नेली.

त्या माळावर दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी गोदाकाठाहून परतलेली मेंढरं बसत आणि बाजाराकडून ओढ्यावर पाण्याला जायची त्यांची वाट नेमकी आमच्या बखळीतून होती. तेल्याला त्याचं काही पडलं नव्हतं, मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. पण आक्का लहानपणी त्याच वाटेनं मेंढरांमागून चालली होती. जमीनवाली झाल्यावर तिच्या नजरेला फक्त नावावर असलेली माणसं दिसू लागली होती. जी माणसं वर्षातून थोडेच दिवस येतात ती तिच्या हिशेबातून गळली... आणि ती तिचीच माणसं होती.

आठ दुकानांची सलग दगडी ओळ उभी राहिली. अर्धी तिची, अर्धी माझी. वरचं मातीचं माळवद घालायचं तेवढं राहिलं होतं. बाजाराचा दिवस होता, दुपार. धुळीचा लोट आला आणि त्यातून मेंढरं. तहानेनं त्यांच्या जिभा बाहेर होत्या. ओढ्याच्या वासानं ती थेट भिंतीवर येऊन आदळली आणि मागची पुढच्यांवर चढू लागली. पुढची चिरडून ओरडत होती. कळपामागून आक्काचा धाकटा भाऊ सटवा आला.

"आक्के, वाट कुठं गेली?"

"वाट न्हाई ऱ्हायली. वळसा घाल."

"वळसा पाटलाच्या रानातून हाय. त्यो मेंढरं कोंडील न् आमाला हानील."

"मंग हानू दी. म्या काय करू?"

सटवा हसला. फार वाईट हसला. "चौघांला भाकरी चारलीस म्हनं. आमची कुठाय?"

"तुमी कोन? हितं तुमच्या नावावर काय हाय, दाव की."

गवंड्याची पहार पडली होती ती त्यानं उचलली आणि मधल्या भिंतीत घातली. आक्कानं हमालांना हाक मारली. ते लाठ्या घेऊन धावले आणि मेंढपाळांच्या गोफणी सुटल्या. गोफणीचा दगड येताना दिसत नाही, नुसता सूं असा आवाज येतो. माझ्या शेजारच्या हमालाचे दात तोंडातून सांडले. एका मेंढपाळ म्हाताऱ्याच्या डोक्यात लाठी बसली आणि तो मेंढरांच्या पायाखाली गेला, जीव तेवढा वाचला. बाजार पळत होता, मडकी फुटत होती. मी मुलांना पोटाशी धरून दुकानाच्या कोपऱ्यात बसले होते. एक दगड आक्काच्या डोळ्यावर बसला. ती पडली नाही. गालावरून काहीतरी ओघळलं, ते तिनं पदरानं पुसलं, लाकडं फोडायची कुऱ्हाड घेतली आणि भिंतीशी गेली. सटवाचा पहारीवरचा उजवा हात उचललेला होता. तिनं घाव घातला.

पहार खाली पडली. तिला धरलेला हातही तिच्याबरोबर पडला.

सगळं थांबलं. फक्त मेंढरं थांबली नाहीत. भिंतीला पडलेल्या भगदाडातून एक शिरलं, मग दुसरं, मग सगळीच, त्या हातावरून, रक्तावरून, ओढ्याकडे. सटवा भिंतीला टेकून खाली बसला. कुणीतरी त्याचं मनगट मुंडाशानं आवळलं. पांढराफटक पडलेल्या तोंडानं तो बहिणीला म्हणाला, "आता कर भाकरी. डाव्या हातानं खाईन."

पोलीस अमीन आला, म्हणजे आजचा फौजदार. त्यानं जमीनवाल्यांना सोडलं आणि मेंढपाळांना चावडीपुढे पालथं पाडून चाबकानं फोडलं. पाठी अशा झाल्या की घोंगडी अंगाला चिकटून बसली. आक्का माझ्या खोलीत पडून होती, डोळा गेला होता. अमीनानं तिला विचारलं, "दगड कुणी मारला? नाव सांग, त्याला हैद्राबादचा तुरुंग दाखवतो." तिनं पाहिलं होतं. ती म्हणाली, "कुनी न्हाई मारला. भिंतीचा चिरा निसटला. सोडा त्येंला." चाबकाचे आवाज खोलीपर्यंत येत होते. ते थांबेपर्यंत ती तेच वाक्य म्हणत राहिली.

उठून उभी राहिल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर तीच पहार घेतली. वाट माझ्या वाट्यातल्या दोन दुकानांतून जात होती. मी आडवी आले. "आक्का, ती दोन गेली तर मी परळीला जाते. माझ्या मुलांचं काय?" तिनं उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुज्या वाट्याचं पाडनार. माजी कोपऱ्यावरची दोन तू घे." कोपऱ्यावरची दुकानं म्हणजे बाजाराच्या तोंडाची, ओळीतली सगळ्यात चांगली. मला वाटलं ती तापात बोलते आहे. "बदल्यात काय?" मी विचारलं. "बदल्यात हे पुन्हा कुनी बांदायचं न्हाई. तू न्हाई, तुजी पोरं न्हाईत. ज्यानं बांदलं त्येचा हात म्या तोडीन, मेलेली असले तरी." मग तिनं भिंती पाडल्या. गवंड्याला हात लावू दिला नाही.

त्या मोकळ्या जागेत तिनं पुन्हा चूल मांडली. या वेळी एकाच शेजाऱ्यासाठी. सटवा येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला, थोटा हात घोंगड्यात घालून बसला. मी भाकरी वाढली, वर ठेचा. चारचौघांत डाव्या हातानं जेवायचं म्हणजे आपल्याकडे काय, ते तुम्हाला तिकडे शहरात बसून कळणार नाही. त्याचा हात भाकरीपर्यंत जाऊन थांबला, सगळे त्याच्याकडे पाहत होते. तेव्हा आक्का त्याच्यासमोर मांडी घालून बसली, उजवा हात पाठीमागे नेला आणि डाव्या हातानं भाकरीचा तुकडा मोडला. "खा बे सटव्या," ती म्हणाली, "न्हाईतर थंड हुईल." पुरुषानं पुरुषाला म्हणावं तसं. सटवा रडत रडत हसला, आणि त्यानं घास घेतला. त्या दिवशी मीही त्यांच्यात बसून जेवले.

त्यानंतर ती उजव्या हातानं कधी जेवली नाही. लग्नांतून, पंगतींतून बायका पदराआड हसत. सटवा तिच्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी गेला, तरी तिनं हात बदलला नाही. शेवटी भेटले तेव्हाही, खाटेवर, दुधात कुस्करलेली भाकरी डाव्या हातातून सांडत होती. मी चमचा पुढे केला तर म्हणाली, "तुजा विंग्रजी चमचा ठिव तिकडं."

मी परळीला गेले नाही. कोपऱ्यावरच्या त्या दोन दुकानांच्या भाड्यातून पुढची जागा घेतली, तिच्यातून त्यापुढची, आणि त्यांतूनच तुमचे वडील शिकले, तुम्ही शिकलात. ती चांगली बाई होती का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तिनं मला जागा घ्यायला शिकवलं, आणि जागा घेताना चौथ्या बाजूला कोण आहे ते बघायलाही शिकवलं. त्या दुसऱ्या धड्यासाठी एक हात आणि एक डोळा गेला...

परवा मी नेकनूरला जाऊन आले. तिची खोली रिकामी केली आहे, खाट कुणीतरी नेली. दुकानं सगळी भाड्यानं गेलेली आहेत. मधे बोळ आहे. त्याच्या दोन्ही बाजूंचे चिरे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत मेंढरांच्या अंगानं घासून काळे आणि गुळगुळीत झाले आहेत. मेंढरं अजून तिथून ओढ्यावर जातात.