फाटकाची किल्ली कुणाकडं?

ये गं करुणा, अशी जवळ सरक. तू पुण्यात आणि मी कोल्हापुरात, पण लिहिताना तू माझ्या पुढ्यात बसलीयास असंच मी धरलंय. आणि आधी माझी बोलणी खा थोडी. परवा फोनवर काय विचारलंस? "आत्या, तू नक्की कुठल्या मंडळीची?" असं फोनवर विचारायचं असतं व्हय? सख्ख्या भावाची पोरगी तू. तुझं शेंबडं नाक मी पदरानं पुसलंय. तुझ्या होणाऱ्या सासरच्यांना कळायला पाहिजे म्हणे, घराणं कुठल्या पंथाचं, आत्या कुठं उपासनेला जाते, बाप्तिस्मा शिंपडलेला की बुडवलेला. विचारू देत की. त्यांचा मला राग नाही. पण विचारताना तुझा आवाज बारीक झाला, ते मला लागलं. लाजलीस तू. माझ्यापायी लाजू नकोस, बाई. उत्तर देते. पण ते एका शब्दात मावत नाही.

मे महिना होता. नव्वद उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील, तू तेव्हा रांगत होतीस. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. ख्रिस्ती कबरस्तानाच्या लोखंडी फाटकापुढं आम्ही उभे. मागं टेम्पो. टेम्पोत पेटी. पेटीत तुझा मामा, माझा नवरा. आदल्या दिवशी भट्टीपुढंच छातीत कळ येऊन गेला होता. पेटीखाली बर्फाची लादी घातली होती.

फाटकाला कुलूप. कुलपापुढं हेडमास्तर. म्हणजे जुन्या मंडळीचे, मिशनच्या चर्चचे पंच, शाळेतून रिटायर झालेले, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. किल्ली त्यांच्या मुठीत.

ते म्हणाले, "बाई, तुमचा माणूस बुडवून आलेला आहे. बुडवलेल्यांनी आपली जागा आपण शोधावी. इथं आमची माणसं झोपलेली आहेत."

आमची माणसं! माझा बाप त्या फाटकाच्या आत होता. माझी आई आत होती. माझं एक पोर आत होतं, सटवाईनंही नशीब लिहिलं नसंल असलं तान्हं. ती सगळी त्यांची माणसं. आणि मी बाहेर.

आता हे बुडवणं काय, ते सांगते, म्हणजे तुला नीट कळंल.

माझा आजा गावकुसाबाहेरचा. पाटलाच्या विहिरीपाशी घागर ठेवून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली आणि त्यानं वरून ओतलं, तर पाणी. एका उन्हाळ्यात मिशनच्या साहेबानं आपल्या विहिरीचं पाणी त्याला पाजलं. आजानं त्याच पाण्याचा बाप्तिस्मा घेतला. डोक्यावर शिंपडून. एवढंच आमच्या घरचं धर्मशास्त्र. तहान.

मग आम्ही देवळात आलो, म्हणजे मिशनच्या चर्चात. देवळात जात नव्हती म्हणे. बाक होते. पुढचे बाक मिशनच्या शाळेत, दवाखान्यात नोकरीला चिकटलेल्या घराण्यांचे. आम्ही मागं, चपलांजवळ. प्रभुभोजनाची थाळी, येशूच्या नावानं वाटायच्या भाकरीची, पुढून मागं यायची. नाताळच्या प्रेमभोजनाला माझी आई चुलीवर पातेलंभर तांबडा रस्सा करायची आणि शेवटच्या पंगतीला तळ खरवडून जेवायची. मागं बसा, असं आम्हाला कधी कुणी सांगितलं नाही. सांगावं लागत नव्हतं.

तुझा मामा शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीवर. तापलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. दिवसभराची आग विझवायला प्यायचा. पिऊन मारायचा पण, ते मी झाकत नाही. जुन्या मंडळीचे पाळक एकदा घरी आले, कपाळाला आठ्या घातल्या, चहा न घेता गेले. पुढच्या बाकांवरचा नवरा पीत असता तर बसले असते की नाही, तूच सांग.

तेवढ्यात एका दुकानाच्या माडीवर नवी मंडळी भरायला लागली होती. टाळ्या वाजवून, रडून प्रार्थना करणारी. तिथल्या पास्टरला सगळे ब्रदर म्हणायचे. पोरसवदाच माणूस. पण तो रोज संध्याकाळी फौंड्रीच्या गेटवर उभा राहायचा. तुझ्या मामाला दारूच्या गुत्त्यावरून पुढं काढायचा आणि दारापर्यंत आणून सोडायचा. सुटली दारू. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मग त्यांनी त्याला पंचगंगेत बुडवून नवा बाप्तिस्मा दिला. ओल्या अंगानं घरी आला तो. दारातच म्हणाला, "आता हात उचलायचा न्हाय." आणि नाही उचलला.

मला पण बुडवायला निघाले होते. ब्रदर म्हणाला, "सिस्टर, तुमचा लहानपणीचा तो बाप्तिस्मा नव्हेच. नुसतं डोकं भिजलं."

मी म्हणाले, "भिजलं ते भिजलं. माझ्या आजाच्या तहानेचं पाणी हाय ते. परत कशाला?"

तेव्हापासून त्यांच्याकडं पण मी अर्धीच. गाणं म्हणायला चालायची. प्रभुभोजनाची थाळी आली की माझ्या हातावरून पुढं जायची. जुन्यात मी बाई, नव्यात सिस्टर. थाळीपुरती कुणाचीच नाही.

तर फाटकापुढं ब्रदर पण मोटरसायकलवरून येऊन उभा राहिला. नव्या मंडळीला स्वतःचं कबरस्तान नव्हतं. माडीवर कुणाला पुरणार?

हेडमास्तर मला म्हणाले, "एक मार्ग आहे. चार लोकांसमोर म्हणा, नवऱ्याचा दुसरा बाप्तिस्मा खोटा होता, त्याची चूक झाली. लगेच कुलूप काढतो."

ब्रदर म्हणाला, "सिस्टर, तसं म्हणालात तर तुम्ही त्यांचं तारण, त्यांचा उद्धारच नाकारला. आम्ही पेटीला हात लावणार नाही."

मग दोघं एकमेकांना बायबलातली वचनं फेकून मारायला लागले. ह्यानं एक म्हटलं की त्यानं दोन. पेटीवरून. शिंपडणं खरं की बुडवणं खरं. आणि मी बघत होते टेम्पोच्या फळीतून गळणारं पाणी. बर्फ वितळत होता. थेंब पडायचा, डांबरावर सुकायचा. ह्या पाण्याबद्दल दोघांपैकी कुणाकडंच वचन नव्हतं.

तुझा बाप माझ्या कानाशी आला. "आक्का, म्हण की. दोन शब्द तर हायत. माणूस आत जाईल." त्याचं काही चुकलं नव्हतं. ऊन चढत होतं. मी तोंड उघडलं पण.

आणि मला तो ओल्या अंगानं दारात उभा राहिलेला दिसला. बाई, जन्मात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या मनानं एक गोष्ट केली होती. त्या दिवसापासून माझ्या पाठीवर वळ उठला नव्हता. ती चूक म्हणू? चार लोकांसमोर? त्याच्या पेटीपुढं?

मी म्हणाले, "मास्तर, किल्ली खिशात घाला. टेम्पो फिरवा रे."

"बाई, विचार करा. नंतर दार उघडणार नाही."

"उघडू नका. आजपर्यंत मी दारापाशीच बसले. आता दारच नको."

फिरवला टेम्पो. पण न्यायचा कुठं? ते मला तरी कुठं माहीत होतं. टेम्पोत पुढं ड्रायव्हरशेजारी आप्पा बसले होते. उचगावातले आमचे शेजारी, लिंगायत, किराणा दुकान आणि मागं थोडं उसाचं रान. मयताला आले होते, हे सगळं त्यांनी बघितलं होतं. ते म्हणाले, "अव्वा, एवढं काय त्यात? आमच्यात बी पुरत्यातच की. माझ्या बांधाला जागा हाय. चल."

"आप्पा, तुमची माणसं काय म्हणतील?"

"म्हणू देत. त्यास्नी बी कधीतरी जागा लागंल."

फौंड्रीतल्या पोरांनी खड्डा काढला. त्यात मराठे होते, मुसलमान होते, कोण कोण होते. खड्डा होत आला तसं आप्पा माझ्याजवळ आले आणि हळूच विचारलं, "अव्वा, ह्यास्नी बसवायचं का झोपवायचं? आमच्यात बसवत्यात."

त्या दिवशी पहिल्यांदा मला हसू आलं. आणि हसता हसता रडू फुटलं.

म्हणाले, "झोपवा आप्पा. जन्मभर भट्टीपुढं उभा होता."

पाळक कोण? कुणीच नाही. बाईनं कबरीवर प्रार्थना चालवायची रीत जुन्यांत नव्हती आणि नव्यांतही नव्हती. एवढ्यापुरतं मात्र त्यांचं ऐक्य. मीच उभी राहिले. प्रभूची प्रार्थना म्हटली, मधे विसरले, परत पहिल्यापासून म्हटली. आप्पांनी बेलाचं पान टाकलं आणि माझ्याकडं बघितलं. "चालतंय न्हवं?" म्हटलं, चालतंय. मूठमाती दिली. झालं.

महिन्याभरानं फौंड्रीतल्या पोरांनी बिडाचा क्रूस ओतून आणला. बघते तर चारी हात सारखे! मी म्हणाले, "ह्यो काय रं, शाळेतलं बेरजेचं चिन्ह?" पोरं खाली बघायला लागली. एकजण म्हणाला, "वैनी, आमची साच्याची पेटी चौकोनी हाय. साच्यात एवढाच बसला." म्हटलं, राहू दे. अजून तोच आहे. गंजलाय, पण हलला नाही.

पुढं दोन हजार सालानंतर वारं फिरलं. बाहेरचे कुणी कुणी आपल्या ख्रिस्ती लोकांकडं डोळे वटारून बघायला लागले, तशी सगळ्या मंडळ्यांना ऐक्याची आठवण झाली. जुने, नवे, कॅथलिक, सगळे एका मांडवात. ऐक्य मेळावा ठरला. आणि माझ्या दारात कोण, तर हेडमास्तर आणि ब्रदर. एका रिक्षातून! हेडमास्तर काठीवर आलेले, ब्रदरला टक्कल पडलेलं. मी चहा दिला. त्या पाळकांसारखं नाही, प्यायले.

ब्रदर म्हणाला, "सिस्टर, मेळाव्यात तुमची साक्ष पाहिजे. झालं गेलं विसरून आपण एक झालो, असं."

हेडमास्तर म्हणाले, "तुमच्या यजमानांच्या अस्थी आपण सन्मानानं कबरस्तानात आणू. संगमरवरी पाटी बसवू."

मी विचारलं, "मास्तर, फाटकाची किल्ली कुणाकडं ऱ्हाईल?"

"पंचांकडे. ती व्यवस्था असतेच."

"आणि उद्या आणखी कुणी बुडवून आला, नाहीतर कुणाची सून कॅथलिक निघाली, तर कुलूप काढणार का नाही, हे कोण ठरवणार?"

हेडमास्तर म्हणाले, "त्या त्या वेळी बघू."

म्हटलं, मग त्याला आहे तिथंच असू दे.

तरी मेळाव्याला मी गेले. जाणारच की! माझी पण मंडळी आहे ती, त्यांची एकट्याची नाही. पुढच्या रांगेतल्या खुर्चीत बसले. माईकवरून माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर गेले नाही. जागेवर उठून तोच प्रश्न विचारला, मोठ्यानं, आपल्या कोल्हापुरी गळ्यानं. माईक कशाला लागतोय? फाटकाची किल्ली कुणाकडं ऱ्हाईल? कॅथलिकांचे फादर आपल्या बुटांकडं बघत बसले. त्यांच्याकडं पण कुलूप आहेच. मग कुणीतरी घाईनं गाणं सुरू केलं. गाणं ऐक्याचंच होतं.

कुलूप अजून आहे, करुणा. मी खोटं कशाला सांगू.

तर ऐक आता, मी कुठल्या मंडळीची. एका रविवारी मी जुन्यांत जाते, एका रविवारी माडीवर, सणाला कॅथलिकांच्यात. सगळीकडं पहिल्या बाकावर बसते. उठवायला कुणी येत नाही, आलं तर उठणार नाही. थाळी आता माझ्यापुढं थांबवतात, मान पण वाकवतात. मी ती हातानं पुढं सरकवते. ज्यांच्या मातीला कुलूप आहे, त्यांच्या भाकरीला माझा हात लागणार नाही. फाटक उघडं टाकतील त्या दिवशी लागंल. नाही टाकलं तर नाही. उपाशी मरंन म्हणावं, पण चुकलं म्हणून आत जाणार नाही.

हे तुझ्या सासरच्यांना असंच्या असं वाचून दाखव. त्यांना नको वाटलं तर आत्ताच कळलेलं बरं.

आणि एक काम आहे तुझ्याकडं. आप्पा गेले. त्यांना त्यांच्यातल्या रीतीनं त्याच रानात बसवलंय, तुझ्या मामापासून हाकेवर. सगळ्या बाजूनं प्लॉट पडायला लागलेत. आप्पांचा पोरगा म्हणतो, "मावशी, बांध इकणार न्हाय." चांगला आहे पोरगा. पण जमिनीचं काय सांगता येतंय. मी गेले की दोन्हीकडचे धावत येतील, सन्मानानं न्यायला. त्यांना आडवं जायला माझं माणूस पाहिजे. तुझ्या बापाच्यानं होणार नाही, तो अजून म्हणंल, दोन शब्द तर हायत.

म्हणून तू ये. ऊस तुटला की बांधापर्यंत वाट मोकळी होते, तेव्हाच ये. त्या तुझ्या होणाऱ्या नवऱ्याला पण घेऊन ये, पांढरा रस्सा करते. चौघं मिळून बांधावर जाऊ, तू, तो, मी आणि आप्पांचा पोरगा. बिडाच्या क्रुसाच्या डाव्या अंगाला माझी जागा राखलीय, ती डोळ्यांनी बघून घे. लग्नाच्या आधी ये गं. लवकर ये.