पंख्यावरचं नाव
ऑइलपेंटचा वास आला की माझं डोकं आजही फिरतं. कळंबच्या आमच्या छोट्या प्रार्थनामंदिरात एका बागायतदारानं पंखा दिला होता, तेव्हा हाच वास कोंडला होता, कारण पहिल्या पात्यावर स्वतःचं, दुसऱ्यावर वडिलांचं नाव आणि तिसऱ्यावर आडनाव असं त्यानं आदल्याच दिवशी लाल रंगात रंगवून घेतलं होतं. एप्रिलचा रविवार, डोक्यावर तापलेला पत्रा, आणि पाळकसाहेब बायबलातल्या उपदेशकाच्या पुस्तकावर बोलत होते की माणसाची सगळी धडपड व्यर्थ, नुसतं वाऱ्यामागं धावणं. पंखा मात्र बंद! माझ्या आईला दमा. पदरानं वारा घेत, धापा टाकत ती शेवटी म्हणाली, "भाऊ, पंखा लावा की, लई कोंडतंय." पुढच्या खुर्चीतून बागायतदार वळला. "जरा दम धरा, मावशी. पंख्याचं व्हिडिओ शूटिंग चालू हाय. पंखा फिरला तर नाव कसं दिसंल?" दम्याच्या बाईला म्हणे दम धरा! पाळकसाहेबांनी सगळं ऐकलं, घसा खाकरला आणि पुढचं वचन वाचायला घेतलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी उठले आणि खटकन बटण दाबलं. पाती फिरली, तिन्ही नावं एकमेकांत मिसळली आणि वर नुसतं लालसर वर्तुळ उरलं. "आरं, नाव गेलं ना राव!" तो ओरडला. आईनं डोळे मिटून तोंड वर केलं आणि श्वास घेतला. आता आई नाही. परवा तिथं गेले, तर दारातच त्याचं नाव ग्रॅनाइटमध्ये कोरून बसवलेलं. रागानं माझा हात भिंतीवर गेला, पण त्या नावाला बटण नव्हतं.