रिकाम्या डब्यातली चिठ्ठी

ये पोरी, जवळ बसली आहेस असं समजून वाच. महिनाभर साधा फोन नाही, अशी कशी गं तू? आज आंब्याचं लोणचं घातलं आणि हाताच्या वासानं मले एक जुनी संध्याकाळ आठवली. तुझे काका दारू सोडवायच्या केंद्रातून नुकतेच घरी आले होते. तिथल्या ताईंनी सांगितलं होतं, रोज एका गोष्टीचे आभार माना. तोंडानं म्हणायची त्यायले लाज, म्हणून प्लांटमधून रिकाम्या डब्यात चिठ्ठी यायची, ‘भाजी मस्त होती’, नाही तर ‘रात्री झोप लागली’. त्या दिवशी डबा त्यायच्यासोबत कामावर असलेल्या शेजाऱ्यानं आणून दिला. “वहिनी, भाऊ मधीच पावर हाउसच्या स्टॉपले उतरले.” तिथंच ते आधी प्यायले जायचे ती दारूभट्टी! डबा उघडला, तर चिठ्ठी नाही, नुसता लोणच्याचा वास. मी क्वार्टरच्या पायरीवर बसून राहिले, आत वरण करपलं. अंधार पडता पडता ते आले. मी सरळ त्यायच्या तोंडाजवळ नाक नेलं. “हुंग, हुंग,” ते म्हणाले. “दारूभट्टीसमोर उभा होतो. हाताले तुह्या लोणच्याचा वास येऊन राहिला होता. मंग पायीच परत आलो. आजची चिठ्ठी तोंडानंच सांगतो. घरी तू वाट पाहून राहिली, त्याचं लय बरं वाटलं.” “आता करपलेलं वरण खा,” मी म्हटलं आणि रडू लागले. अजूनही जेवताना ते रोज एका गोष्टीचे आभार मानतात, कधी नुसत्या मिठाचे. जावईबापूंनीही दारू सोडली म्हणे. त्यायले घेऊन लवकर ये, लोणचं मुरायची वाट नको पाहू.