वेळ अमावस्येचा धूर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. जिला सांगायला हवी होती ती गेल्या उन्हाळ्यात गेली. आता निदान लिहून ठेवतो.

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूला, बशीत ठेवल्यासारखं. तिन्ही अंगांनी माळ, आणि माळावरून उतरणारा ओढा थेट बाजारपेठेच्या मागून जातो. उन्हाळ्यात वारा सुटला की माळावरची माती ताटात येते, पण धूर टिकत नाही. पावसाळ्यात हवा धुतल्यासारखी. हिवाळ्यात मात्र वारा पडतो, रात्री गार हवा ओढ्याने खाली उतरते आणि गावात बसून राहते. ऊन चढेपर्यंत हलत नाही. त्या दिवसांत देवळात आरतीच्या आधी खोकल्याची एक फेरी व्हायची.

बाजारपेठेच्या चौकात एक बाई चणे-फुटाण्यांची भट्टी चालवायची. सगळे तिचेच फुटाणे खायचे आणि तिच्याच धुराला नावं ठेवायचे. चौकातल्या बैठकीत मी पुढे होऊन बोललो, "भट्टी बायपासला न्या." तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. संक्रांतीनंतर भट्टी हलवायचं ठरलं.

ती म्हणाली, "भावजी, बायपासला फुटाणे कोण, म्हशी खाणार का?"

लोक हसले. तीही हसली, पण हातातलं सूप तिनं उगीच दोनदा झटकलं. चौक सुटला तर पोट कसं भरायचं, ही तिची धास्ती होती.

मधे वेळ अमावस्या आली. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाले बोलावतात. माझं शेत माळावर, ओढ्याच्या अगदी तोंडाशी. पाहुणे येणार, रान स्वच्छ दिसावं, म्हणून मी तोडलेल्या उसाचं पाचट आदल्या संध्याकाळी पेटवून दिलं. बायकोनं भट्टीवालीलाही आवतण दिलं होतं. "तुम्ही तिला हाकला, मी तिला जेवायला बोलावते. कुणीतरी माणुसकी ठेवायला पाहिजे ना घरात."

सकाळी वर शेतात आकाश निळं होतं. माणसं मात्र डोळे पुसत वर चढत होती. ऊन चढायच्या आतच कडब्याच्या कोपीत पंगत बसली तेव्हा शेजारी म्हणाला, "खाली लई धूर हाय. आज बी भट्टी पेटवली व्हय, वहिनी?"

बाजरीचा उंडा हातात धरून ती म्हणाली, "मी तर हितं जेवून राहिले. भट्टी काय आपली आपण पेटून राहिली?"

हसताना एकाच्या नाकातून आंबील आली. मग कुणीतरी म्हणालं, "कालचा असंल. तुंबून बसला असंल."

"हाव, तसंच असंल," म्हणून सगळे पुन्हा शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीकडे वळले.

मी कोपीच्या दारात होतो. माझ्या काळ्या पडलेल्या रानाच्या कोपऱ्यातून अजून धूर निघत होता. तो वर जातच नव्हता. मेंढरं उतरावीत तसा जमिनीला धरून ओढ्यात शिरत होता आणि खाली गावावर पांढरा पसरत होता. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग तिकडे पाहिलं. "भज्जी गार होतीय," एवढंच बोलली.

एक वाक्य पुरलं असतं. पण बैठकीत मीच तावातावानं बोललो होतो. मी भट्टीवालीच्या वाटीत आणखी आंबील ओतली.

संक्रांत झाली, भट्टी बायपासला गेली. तोडणी होईल तसं हिवाळाभर पाचट जाळायचो, ते मी सोडलं. कुट्टी करून सरीतच टाकू लागलो. पुढच्या हिवाळ्यात हवा निवळली, आरतीआधीचा खोकला थांबला. सगळे म्हणाले, बघा, भट्टी गेली आणि सुटलो. चौकात मला मानाचा नारळ दिला. बायकोनं तो फोडला नाही. "धूर खरा कुणाचा होता, ते तुम्हाला ठाऊक आहे," म्हणाली. नारळ कोनाड्यातच सुकला.

पुढे भट्टीवाली नांदेडला लेकीकडे राहायला गेली. एकदा मी धीर करून गेलो. दारातच शेगडीवर कढई, समोर गिऱ्हाइकं, आणि ती पूर्वीसारखीच ऐटीत बसलेली.

"या भावजी. बायपासला ट्रकवाल्यांनी भट्टी चांगली चालवली बरं का, म्हशींची गरज पडली न्हाई." मग आवाज खाली आणून म्हणाली, "पर बरं झालं तुम्ही बोललात. माझ्यापायी गावातली लेकरं खोकत व्हती. मला कळलंच न्हाई बगा."

इतकी वर्षं ती हे धरून बसली होती. मी म्हणालो, "वहिनी, तो धूर..."

"जाऊ द्या आता," म्हणत तिनं कागदाचा पुडा वळला. "खारे देऊ का साधे?"

"खारे," मी म्हणालो.